निळू फुले ‘आपले’, मग झाडीपट्टीचा नट कोणाचा?

समाजवादी चळवळीतील माणसांना एक जुनी खोड आहे. एखादा नामवंत कलावंत दिवंगत झाला की तो ‘आपला’ होता हे सांगण्याची चढाओढ सुरू होते. १३ जुलै २००९ रोजी निळू फुले गेले. तेव्हापासून प्रत्येक स्मृतिदिनी ‘सेवा दलाचा सैनिक’, ‘लोहियांचा अनुयायी’ आणि ‘साधा माणूस’ ही तीन विशेषणे ठरावीक क्रमाने उच्चारली जातात. त्यांत असत्य काहीही नाही. आक्षेप आहे तो या विशेषणांच्या आडोशाला सुखाने बसलेल्या मौनाला. ज्या व्यवस्थेने एका माळ्याला नट केले ती व्यवस्था पुढे कोणी वाळू दिली, आणि आज जे हजारो नट तिच्याविनाच उभे आहेत त्यांच्याशी या चळवळीचे नाते काय, हे दोन प्रश्न शोकसभेत विचारले जात नाहीत. शोकसभेचा शिष्टाचार तसा नसतो हे खरे. पण शोकसभा संपल्यावरही ते विचारले जात नाहीत.

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा, पुण्याच्या एका कष्टकरी कुटुंबातला. ऐन तारुण्यात ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार ८० रुपये. त्यांतले १० रुपये ते दरमहा राष्ट्र सेवा दलाला देत. म्हणजे मिळकतीचा आठवा हिस्सा. (पक्षाची वार्षिक वर्गणी वसूल करताना ज्यांची दमछाक होते त्या जिल्हा चिटणीसांनी हा आकडा कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाही.) १९४१ साली स्थापन झालेल्या सेवा दलाने या तरुणाला जे दिले ते पैशात मोजता येण्याजोगे नव्हते. कलापथकात नाट्यशिक्षणाचा अभ्यासक्रम नव्हता, शुल्क नव्हते, प्रमाणपत्रही नव्हते. होते ते गावोगावचे ओटे, कंदिलाचा वा गॅसबत्तीचा उजेड, आणि कंटाळा आला की उठून जाण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असलेला प्रेक्षक. आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा न्यावा, पुढाऱ्याची नक्कल करताना विनोद कोठे थांबवावा आणि डंख कोठे मारावा, हे त्या ओट्यांवर शिकता येत असे. १९५७ च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य झाले, पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला रोंग्या आला; त्यानंतर ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने नाव महाराष्ट्रभर केले. अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातील झेले अण्णा १९६८ सालचा. तेव्हा फुले अडतीस वर्षांचे होते.

वृत्तपत्रांच्या हिशेबात त्यांची कारकीर्द याच अडतिसाव्या वर्षी सुरू होते. अर्थशास्त्राच्या हिशेबात ती तेव्हा फळाला येते. मधल्या सुमारे वीस वर्षांची गुंतवणूक कोणाची? दहा दहा रुपये देणाऱ्या सैनिकांची, पथकाला पिठले-भाकरी घालणाऱ्या गावांची, तालमीला जागा देणाऱ्या शाळामास्तरांची. चित्रपटाच्या निर्मात्याला हा तयार नट जवळजवळ फुकट मिळाला. सार्वजनिक खर्चाने विहीर खणायची आणि पाणी खाजगी पाटाने न्यायचे, हा आपल्या अर्थव्यवस्थेचा परिचित व्यवहार कलेच्या क्षेत्रातही तसाच चालतो. आणि हे एकट्या फुल्यांचे नव्हते. राम नगरकर त्याच सेवा दलाचे, दादा कोंडके त्याच सेवा दलाचे, स्मिता पाटीलचे लहानपण त्याच वातावरणातले. एकाच घरातून इतकी माणसे बाहेर पडतात तेव्हा त्याला योगायोग म्हणत नाहीत. त्या घरात काही रीत होती असे म्हणतात.

ती रीत काय होती हे ‘सामना’त दिसते. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा धनी मिशा पिळणारा खलपुरुष नाही. तो दिलदार आहे, अगत्यशील आहे, गावाचे भले त्याने केलेले आहे. आणि म्हणूनच तो भयंकर आहे. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचे जे स्वप्न १९५० च्या सुमारास उभे केले, त्याची पंचवीस वर्षांत पडलेली सावली त्या एका भूमिकेत एकवटली. सहकाराचे राजकारण आतून ठाऊक नसलेल्या नटाला हे साधले नसते. समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर होता म्हणून तो सामना झाला, हेही विसरू नये. तत्पूर्वी १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आले. त्यावर बंदी आली, ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि सखाराम उभा केला तो फुल्यांनीच. १९७९ च्या ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस हा वार्ताहर सत्तेचा खेळ पाहता पाहता अखेरीस भ्रमिष्ट होतो, त्या भूमिकेत फुल्यांनी पाटीलकीचा सगळा साज उतरवून ठेवला.

मग बाजाराने काय केले? त्याने हिंदुरावातले राजकारण काढून घेतले आणि धोतर, टोपी व करडी नजर तेवढी ठेवली. तोच वाडा, तोच पाटील, तीच अब्रू लुटली जाणारी गरीब पोर, अशा चित्रपटांची रांग लागली. नाणे झिजेपर्यंत तेच टाकसाळीत घालीत राहावे तसा हा प्रकार होता. फुल्यांच्या चाहत्यांना हे बोललेले आवडत नाही. पण त्यांनी काम केलेल्या चित्रपटांतील पुष्कळसे त्यांच्या योग्यतेचे नव्हते. हिंदी पडद्याने त्यांना ‘सारांश’मध्ये गजानन चित्रे हा राजकारणी दिला, एरवी ‘कुली’सारख्या चित्रपटांतून आपल्या गरजेपुरते वापरून घेतले. माणूस मात्र विकला गेला नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यात आला, तेव्हा त्यासाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करीत लागू आणि फुले महाराष्ट्रभर हिंडले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही फुल्यांची साथ होती. चळवळीने त्यांच्यात गुंतविलेले त्यांनी व्याजासह परत केले, असेच म्हणावे लागेल.

परतफेड झाली, तिचे पुढे काय झाले हा खरा मुद्दा आहे. ज्या भांडवलातून एक निळू फुले उभा राहिला ते भांडवल पुन्हा त्याच कामात घालणे हा साधा शेतकरी व्यवहार; पुढच्या पेरणीसाठी बी राखून ठेवतात तसा. समाजवाद्यांनी बी खाल्ले. साठीच्या दशकात प्रजा समाजवादी आणि संयुक्त समाजवादी यांच्या फाटाफुटीत कलापथके कोणाची हा वाद झाला नाही, कारण त्यांची कोणाला गरजच वाटेनाशी झाली होती. १९६७ साली लोहिया गेले. १९७७ साली पक्ष जनता पक्षात विसर्जित झाला. मंत्रिपदे आली आणि गेली. मुख्य वक्ते येईपर्यंत मांडव धरून ठेवण्याची सोय, एवढेच स्थान गाण्या-नाट्याला उरले. ‘आधी आर्थिक प्रश्न, संस्कृती मागाहून’ असे म्हणणारे विद्वान पक्षात नेहमीच मुबलक होते. संस्कृती हाही हजारो लोकांच्या पोटाचा प्रश्न असतो, हे पाहायचे तर पुण्या-मुंबईहून निघून पूर्व विदर्भात यावे लागते.

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. भोवती धानाची शेती आणि तलावांचा मुलूख. या जिल्ह्याची समाजवाद्यांना आठवण असावयास हवी. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने अशोक मेहतांना लोकसभेवर पाठविले. त्याच द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेवर उभे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. एक निवडून आला आणि दुसरा पडला, याचा अर्थ त्या वेळच्या समाजवाद्यांनी नीट लावला असता तर पुष्कळ पुढचे अनर्थ टळते. तो विषय स्वतंत्र आहे. येथे एवढेच नोंदवायचे की हा मुलूख पक्षाला अनोळखी नव्हता. मते मिळाली, खासदार मिळाला, आणि तेथले नाटक मात्र पक्षाच्या नजरेस पडले नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या जंगल-धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. येथे दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांच्या शेजारी संपूर्ण रात्रभर चालणारे नाटक वाढले. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने झाडीबोली आणि तिची लोकरंगभूमी यांचे मोल ग्रंथांतून दाखवून दिले नसते तर शिक्षित महाराष्ट्राला त्याचा पत्ताही लागला नसता. दिवाळी झाली, धान कापून घरात आले की मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा मंडई, कोठे शंकरपट. लेकी-जावई, पाहुणेरावळे गावात आलेले. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो उजाडता उजाडता पडतो. गावातले तरुण मंडळ आधीच वडसा-देसाईगंजला जाऊन एखाद्या नाट्यमंडळाशी ठराव करून, बयाणा देऊन आलेले असते. वडशाच्या बाजारपेठेत या मंडळांची कार्यालये पाट्या लावून बसलेली आहेत. तिकीट काढून, थंडीत घोंगडी पांघरून, हजारोंनी माणसे नाटक पाहतात. शासनाचे अनुदान नाही, उद्योगपतीचा आश्रय नाही, अकादमीचा महोत्सव नाही. मराठी रंगभूमी मरणपंथाला लागली अशी चर्चा शहरांतून जेव्हा जेव्हा रंगते, तेव्हा तेव्हा एकोडीच्या आसपासच्या गावांत धान विकून आलेल्या पैशातून नाटकाचे तिकीट घेतले जात असते.

या रंगभूमीच्या नटाची कारकीर्द कशी असते? चार-पाच महिने तो नट असतो. उरलेल्या महिन्यांत तो रोवणी करणारा मजूर, दीड-दोन एकरांचा शेतकरी, शिंपी किंवा रंगारी असतो. हंगामात रोज रात्री वेगळे गाव. पहाटे प्रयोग संपला की तोंडाचा रंग पुसायचा, गाडीत बसल्या बसल्या झोपायचे, दुपारी दुसऱ्या गावी उतरायचे. मेहनताना रात्रीच्या हिशेबाने. आजारी पडला तर ती रात्र बुडाली. गाडीला अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च मंडळाच्या मालकाच्या मर्जीवर. मालक भला असतो असेही पुष्कळदा घडते. पण भलेपणा हा हक्क नव्हे, हे हिंदुराव धोंडे पाटलाने पुरेसे शिकविलेले आहे. स्त्री-कलावंतांचे हाल त्याहून अधिक: परगावी मुक्काम, कपडे बदलण्यास आडोसा धड नाही, आणि ज्या गावाने टाळ्या दिल्या त्याच गावाची दुसऱ्या दिवशीची कुजबूज.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. शंकरपट बंद झाला तेथे पटाबरोबर येणारी गर्दीही ओसरली, आणि नाटकाचे ठराव कमी झाले. पटावर बंदी असावी की नसावी, या वादात दोन्ही बाजूंनी बैलाबद्दल पुष्कळ बोलले गेले. त्या गर्दीवर पोट असलेल्या नटाबद्दल कोणी बोलले नाही. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पुढचा हंगामही विस्कटला. कारखान्याच्या कामगाराला निदान भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेता येत होती. झाडीपट्टीच्या कलावंताला कशातून उचल घेता येणार होती?

या पट्ट्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हा सन्मान योग्य माणसाला मिळाला, याबद्दल दुमत नाही. हजारो प्रयोग केलेल्या या विनोदी नटाला राष्ट्रपती भवनात पाहून सारी झाडीपट्टी हरखली. परंतु एकाच्या गळ्यात पदक आणि बाकीच्यांच्या हाती काहीच नाही, ही राज्यकर्त्यांची जुनी हातोटी आहे, आणि ती स्वस्तात पडते. वृद्ध कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे. ती म्हातारपणी, अर्ज करून, समितीने निवडल्यास मिळते. काम करीत असलेल्या नटाच्या संरक्षणाशी तिचा संबंध नाही. १९८१ साली संसदेने चित्रपट-कामगारांसाठी नोकरीच्या अटींचा आणि कल्याणनिधीचा कायदा केला. त्यात चित्रपटाचा कामगार आहे; उघड्यावर, मांडवात रात्र काढणारा नाटकाचा कामगार नाही.

या सगळ्यावर आता एक नवा थर चढला आहे. जाहिरातीच्या फलकावर मुंबईच्या मालिकेतला चेहरा मोठा छापतात, आणि ज्याच्या खांद्यावर नाटक उभे आहे तो स्थानिक नट तळाशी बारीक अक्षरांत जातो. पाहुण्याचे मानधन इतके की बाकीच्यांच्या रात्रीच्या मजुरीला कात्री लागल्यावाचून हिशेब जुळत नाही. दूरदर्शन संच घरोघरी गेला तेव्हा नाटक मरेल असे भाकीत होते. ते खोटे ठरले. पण छोट्या पडद्याने नाटकात मजुरीची नवी उतरंड आणली. निळू फुल्यांच्या वेळी नट गावातल्या ओट्यावरून शहरातल्या पडद्यावर गेला. आता पडद्यावरचा चेहरा गावात येतो, एका रात्रीत कमाई करतो आणि जातो. दोन्ही प्रवासांत गावाने फक्त दिले.

यावर पक्षातला सोवळा आक्षेप ठरलेला आहे: ‘तेथे नाटकाच्या मध्येच उडत्या गाण्यांवर नाच घालतात, अश्लीलता असते, अशा रंगभूमीशी समाजवाद्यांनी काय संबंध ठेवावा?’ आक्षेपात तथ्य आहे. काही मंडळे तसले नाच घालतात आणि तिकीट खपवितात. पण तमाशाबद्दलही हेच म्हटले जात होते. वगनाट्याचे हत्यार हाती घेताना सेवा दलाच्या पिढीने नाक मुरडले नाही, उलट त्या फडाची ताकद ओळखली. शिवाय शेतकऱ्यांच्या आत्महत्या, व्यसन, हुंडा, जमिनीचे तंटे हे विषय झाडीपट्टीच्या नाटकांतून सातत्याने येत असतात. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येवरच नाटक लिहिले आणि ते गावोगाव झाले. जो प्रश्न विधानसभेत स्थगन प्रस्तावापुरता उरतो तो तेथे पहाटे चार वाजता माणसांना रडवितो. यांच्याशी संबंध ठेवायचा नाही, आणि शहरातल्या दीडशे खुर्च्यांच्या सभागृहातील प्रायोगिक नाटकाला क्रांतिकारक म्हणायचे, हा सोवळेपणा वर्गीय आहे.

करण्याजोगी गोष्ट नवी नाही. ती याच राज्यात, श्रमिकांच्याच लढ्यातून सिद्ध झालेली आहे. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा हमालाला ठरलेला मालक नाही, रोज नवे गिऱ्हाईक, मग त्याला भविष्यनिधी कसला, असाच युक्तिवाद होत असे. त्यावर उत्तर काढले गेले. कामगार आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर ठरावीक टक्के अधिभार, ज्यातून भविष्यनिधी, बोनस, औषधपाणी. कामगार, मालक व शासन यांचे प्रतिनिधी मंडळावर. हमालाची आणि झाडीपट्टीच्या नटाची स्थिती नेमकी सारखी आहे: मालक बदलता, जागा बदलती, काम हंगामी. तर मग झाडीपट्टीच्या नट, वादक, पडदे ओढणारे, रंगभूषाकार आणि वाहनचालक यांच्यासाठी तसेच मंडळ का असू नये?

खर्चाचा बागुलबुवा दाखविला जाईल. म्हणून उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा प्रयोगाला हजार प्रेक्षक आले आणि तिकिटामागे पाच रुपये अधिभार घेतला. रात्रीचे पाच हजार झाले. संच पंचवीस माणसांचा धरला तर माणशी दोनशे. हंगामात ऐंशी रात्री काम मिळाले तर वर्षाला सोळा हजार रुपये प्रत्येकाच्या नावे जमा होतात. प्रेक्षकाला हे पाच रुपये मध्यंतराच्या चहापेक्षाही कमी पडतात. मालकाच्या नफ्याला हात लागत नाही. उलट कोणते मंडळ किती रात्री, किती मजुरीवर काम देते हे प्रथमच कागदावर येते. आणि नेमके तेच नको असते म्हणून विरोध होईल. ‘कलावंताला कामगार म्हणणे हा त्याचा अपमान आहे’ असेही कोणीतरी सुसंस्कृत स्वरात म्हणेल. सैनिकी महाविद्यालयाच्या बागेत खुरपे चालविणाऱ्या माळ्याने असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

नट स्वतः संघटित होणार नाहीत, ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, पुढच्या हंगामाचे काम जाईल म्हणून बोलत नाहीत, ही अडचण खरी आहे आणि तिला घोषणांनी उत्तर देता येत नाही. ठराव होण्याच्या मोसमात, मालक आणि गावमंडळे समोरासमोर बसतात तेव्हा, मजुरीची लेखी अट आणि अपघात विमा या दोन कलमांचा आग्रह धरणारे कोणीतरी बाहेरचे माणूस वडशाच्या बाजारात हजर असले पाहिजे. गावमंडळांतील तरुण ही कलमे मालकापुढे ठेवू शकतात. बयाणा त्यांच्या खिशातून जातो. साकोली-लाखांदूर भागातल्या पक्षकार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या मंडळाला एवढे पटवून दिले तरी कायद्याची वाट न पाहता सुरुवात होते. एकोडीसारख्या गावात त्यासाठी मुंबईच्या नेत्याची सभा लागत नाही. मंडळाच्या बैठकीला वेळेवर जाऊन बसावे लागते. जिल्हा शाखेची पुढची बैठक स्मृतिदिनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर खर्ची न घालता ती या एका विषयावर, दिवाळीच्या आत, वडशातच घ्यावी. आणि निमंत्रण पुढाऱ्यांना देण्याआधी नटांना, वादकांना व पडदे ओढणाऱ्यांना द्यावे. दिवाळीनंतर त्यांना यायला सवड नसेल. रोज रात्री ते कामावर असतील.